मागे राहिलेला बीटचा डबा

डबाबंद भाज्यांविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात सुचवले होते. मला वाटले होते की मक्याबद्दल, मटारांबद्दल किंवा टोमॅटोबद्दल पत्रे येतील. पण ते डबे बहुधा वेळेवर संपत असावेत. फडताळाच्या मागच्या रांगेत वर्षानुवर्षे राहतो तो बीटचा डबा, आणि या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषयही तोच आहे. त्यामुळे हे सदर या महिन्यापुरते एकट्या बीटला देत आहे.

प्रश्न : ताई, फडताळ आवरताना बीटच्या कापांचा एक डबा सापडला. तो घरात आणून दोन वर्षे तरी झाली असतील. लेबलावरची तारीख चार महिन्यांपूर्वी उलटून गेली आहे. डब्याला एका बाजूने लहानसा पोचाही आहे. उघडावा की टाकून द्यावा?

उत्तर : तारखेआधी डबा नीट पाहावा, कारण डब्याची अवस्था तारखेपेक्षा अधिक काही सांगते. डबा सपाट पृष्ठभागावर ठेवून त्याची दोन्ही तोंडे बोटाने दाबून पाहावीत. तोंड फुगलेले असेल, दाबल्यावर आत जाऊन पुन्हा टपकन वर येत असेल, जोडापाशी ओल किंवा चिकटपणा दिसत असेल, गंज पुसून न निघण्याइतका खोल गेला असेल किंवा उघडताना आतले पाणी जोराने उसळून बाहेर येत असेल, तर तो डबा न चाखता टाकून द्यावा. ‘जरा जिभेवर ठेवून पाहू’ हा मोह येथे आवरायलाच हवा.

या कडकपणाला कारण आहे. बीट ही कमी आम्लाची भाजी आहे आणि अशा भाजीत, हवेचा संपर्क नसताना, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून कारखान्यात हे डबे दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमानाला नेले जातात. ती प्रक्रिया नीट झाली असेल आणि डबा हवाबंद राहिला असेल, तर आतली भाजी दीर्घकाळ सुरक्षित राहते. पण जोड उघडला की ती हमी संपते. या जिवाणूचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वास येईलच असेही नाही.

आपल्या डब्याचा पोचा कोठे आहे हे आपण लिहिलेले नाही. तो पोटावर, म्हणजे मधल्या भागावर, उथळ आणि गोलसर असेल तर सहसा अडचण नसते. वरच्या किंवा खालच्या कडेच्या जोडावर असेल, बाजूच्या उभ्या जोडावर असेल किंवा त्याला टोकदार घडी पडली असेल, तर डबा ठेवू नये.

आता तारीख. ‘या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर ती तारीख चव आणि पोत यांच्याविषयी असते. कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या कमी आम्लाच्या भाज्यांचा डबा साधारण दोन ते पाच वर्षे चांगला राहतो, हे धरले तर आपला डबा मर्यादेतच आहे. ‘या तारखेनंतर वापरू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र वाद न घालता ते पाळावे. व्हिनेगरमधल्या बीटचा हिशेब थोडा वेगळा आहे. आम्ल पत्र्याशी हळूहळू झगडत राहते, म्हणून असा डबा एक ते दीड वर्षात संपवलेला बरा.

जाता जाता एक गंमत सांगते. पत्र्याच्या डब्याचे पेटंट पीटर ड्युरंड यांना इंग्लंडमध्ये १८१० साली मिळाले. पण डबा उघडण्याचे खास साधन १८५०च्या दशकापर्यंत आलेच नाही आणि तोपर्यंतची चार दशके लोक छिन्नी-हातोडी घेऊन डब्यावर बसत होते. तेव्हा विसरलेला डबा उघडण्याचा कंटाळा ही काही आजची गोष्ट नाही.

प्रश्न : आमच्या घरी बीटला ‘मातीची भाजी’ म्हणतात. डब्यातल्या बीटला तर तो वास अधिकच जाणवतो आणि वर पत्र्यासारखी चव येते. धुऊनही फरक पडत नाही. हा वास घालवता येतो का?

उत्तर : घरच्यांच्या नाकाला नावे ठेवू नका, कारण त्यांचे निदान अगदी अचूक आहे. बीटमध्ये जिओस्मिन नावाचे संयुग असते आणि पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यातही हेच संयुग असते. जिओस्मिन या नावाचा अर्थच ‘मातीचा वास’ असा आहे. माणसाचे नाक या वासाला विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग एवढे अल्प प्रमाणही त्याला ओळखू येते. इतका सूक्ष्म पदार्थ पाण्याखाली धरून पूर्ण निघून जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याला उतारा आहे तो आंबटपणाचा. आम्लाच्या सान्निध्यात जिओस्मिनचे रूप बदलते आणि नवीन रूपाला वास नसतो. बीटबरोबर लिंबू, व्हिनेगर, संत्रे किंवा आंबट दही घेण्याची रीत इतक्या ठिकाणी आढळते, ती केवळ चवीसाठी पडलेली नसावी. मात्र लिंबू जेवताना वरून पिळले तर आम्लाला काम करायला वेळच मिळत नाही. डब्यातले बीट चाळणीत ओतावे, वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट धरावे, निथळू द्यावे आणि मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चोळून निदान अर्धा तास, जमल्यास रात्रभर, काचेच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी वास पूर्ण गेलेला नसला तरी पुष्कळ मागे हटलेला असतो. त्यातूनही जो उरतो, त्याला लसूण, मोहरीची पूड, ताजे आले किंवा मिऱ्याचा तिखटपणा झाकून टाकतो.

पत्र्यासारखी चव बहुतेक वेळा डब्यातल्या पाण्यातून येते किंवा उघडलेल्या डब्यातच उरलेले बीट ठेवून दिल्यामुळे येते. डबा उघडला की सगळे बीट त्यातून काढावे, उरलेले काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

लेबल वाचूनच पुढचे ठरवावे, हेही येथेच सांगते. घटकांत फक्त बीट, पाणी आणि मीठ असेल तर ते साधे बीट आहे आणि त्याचे काहीही करता येते. व्हिनेगर आणि साखर दिसली तर ते मुरवलेले बीट आहे. त्याला वरचा सोपस्कार लागत नाही, पण ते केकमध्ये किंवा पावाच्या पिठात चालणार नाही. पत्रांतल्या फसलेल्या पदार्थांपैकी निदान दोन याच गोंधळामुळे फसले आहेत, असे वर्णनावरून वाटते.

प्रश्न : सॅलडमध्ये चार काप घालायचे आणि उरलेले फेकायचे, याशिवाय डबाबंद बीटचे मी काहीच केलेले नाही. एकदा रश्यात घातले तर बेचव झाले. डब्यातली भाजी म्हणजे शिजून गेलेली भाजी, तिचे आणखी काय होणार?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची सुरुवात आहे. डब्यातले बीट पूर्ण शिजलेले असते आणि आपण ते कच्चे असल्यासारखे पुन्हा पाण्यात शिजवतो, तेथे चूक होते. कच्चे बीट मऊ व्हायला चाळीस मिनिटे ते एक तास लागतो. तो सगळा वेळ आणि इंधन कारखान्याने आपल्यासाठी आधीच खर्च केलेले आहे. आपल्याकडे काम उरते ते दोन प्रकारचे : त्याचे पाणी घालवणे, किंवा त्याचा लगदा करणे.

पहिल्या प्रकाराला बीट अतिशय योग्य आहे. डबाबंद केल्यावर बहुतेक भाज्या गाळ होतात. मटार बोटांत चिरडतात, पालकाचा तर लोळागोळाच होतो. बीट मात्र टिकते. त्याच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्लासारखी संयुगे असतात, ती भिंतीतल्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात आणि त्यामुळे उष्णतेने त्या भिंती सहजासहजी विरघळत नाहीत. कमळकाकडी आणि बांबूचे कोंब यांचेही असेच असते. म्हणून डब्यातून काढलेल्या बीटला अजूनही दाताखाली एक दमदारपणा असतो आणि त्याला प्रखर कोरडी उष्णता सोसते.

काप चाळणीत दहा मिनिटे निथळू द्यावेत, मग जुन्या पंच्यावर एका थरात पसरून वरून दुसरा पंचा दाबावा. पंचा जुनाच हवा, कारण तो पुन्हा पांढरा होणार नाही. ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती बहुतेकांकडून गळते. पण पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तपकिरी रंग येतो तो त्याच्या बऱ्याच वर. कोरडे काप दोन चमचे तेलात घोळवून, एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरून, २२० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा चांगला तापवून काप ठेवावेत आणि तीन-चार मिनिटे त्यांना हात लावू नये. कडा गडद झाल्या, बीटमधली साखर करपण्याच्या उंबरठ्यावर आली की उलटावेत. दुसरी बाजू झाली की तव्यावर चमचाभर व्हिनेगर शिंपडावे. ते चर्र करून आटते आणि कापांवर आंबट-गोड लेप राहतो. मीठ शेवटी, आणि चाखूनच, कारण डब्यातल्या पाण्याने आपला वाटा आधीच दिलेला असतो. एवढे एकच करून पाहिलेत तरी त्या डब्याविषयीचे मत बदलेल.

हेच भाजलेले काप पुढे वाटणासाठी वापरता येतात. ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम बीट निघते (नेमका आकडा लेबलावर ‘निथळलेले वजन’ म्हणून दिलेला असतो). तेवढ्या बीटला मूठभर अक्रोड, लसणाची अर्धी पाकळी, एका लिंबाचा रस आणि दोन चमचे तेल घेऊन मिक्सरमधून रवाळ वाटावे. त्यात पाणी बांधून काढलेले २०० ग्रॅम घट्ट दही घालावे, पण ते हाताने कालवावे. मिक्सरच्या पात्यांनी दह्याची घट्टपणा धरणारी जाळी मोडते आणि वाटण पातळ होते. लसूण अर्ध्या पाकळीपेक्षा जास्त घालायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा की कच्चा लसूण फ्रिजमध्ये रात्रभरात आणखी चढतो.

टिक्क्या करायच्या असतील तर बीट किसून घ्यावे आणि किसलेले बीट कापडात बांधून घट्ट पिळावे. पिळल्यावर कीस निम्म्यावर आल्यासारखा दिसला तरी घाबरू नये, उरलेले तेच खरे बीट. दोन मध्यम उकडलेले बटाटे, बारीक चिरलेला कांदा, सुमारे ५० ग्रॅम पावाचा चुरा आणि भरपूर मिरपूड घालून मळावे आणि टिक्क्या थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गार झालेला बटाटा मिश्रण धरून ठेवतो, म्हणून तळताना त्या फुटत नाहीत. मध्यम आचेवर थोड्या तेलात प्रत्येक बाजूला चार मिनिटे पुरतात. सगळे मिश्रण आधीच शिजलेले असल्यामुळे आपल्याला फक्त कवच हवे असते.

सूप हा दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे लगद्याचा पदार्थ. येथेही बीट शेवटी यावे. कांदा मंद आचेवर दहा मिनिटे परतून, त्यात एक मोठा बटाटा फोडी करून आणि ६०० मिलिलिटर पाणी घालून तो पूर्ण मऊ होऊ द्यावा. मग बीट घालून जेमतेम पाच मिनिटे गरम करावे, घोटावे आणि विस्तव बंद केल्यावर लिंबू पिळावे. अर्धा तास उकळलेल्या बीटच्या सुपाचा रंग विटकरीकडे झुकतो. पाच मिनिटांच्या सुपाचा जांभळा-लाल राहतो. आपला रस्सा बेचव झाला, तो बहुधा असाच पुन्हा शिजवल्यामुळे आणि आंबट काही न घातल्यामुळे.

न शिजवता करायचा एक पदार्थ मला स्वतःला सर्वांत आवडतो. बीटचे ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक तुकडे करावेत, त्यात तेवढाच बारीक चिरलेला कांदा, एक चमचा तयार मोहरीची चटणी, लिंबाचा रस आणि तेल घालून तासभर मुरू द्यावे आणि कडक भाजलेल्या पावावर घ्यावे. सुरीचे काम आहे. मिक्सरला लावले तर याची पेज होते.

काय करू नये, तेही सांगायला हवे. डबाबंद बीटचे कुरकुरीत चिप्स होत नाहीत. मी दोनदा प्रयत्न केला. काप शक्य तितके पातळ केले, ओव्हन मंद ठेवला, दोन तास वाट पाहिली आणि हाती आले ते खारट, वातड, बुटाच्या तळासारखे काहीतरी. चिप्ससाठी कच्चे बीटच हवे.

प्रश्न : चॉकलेट केकमध्ये बीट घालतात असे ऐकून डबाबंद बीटचा लगदा नेहमीच्या साध्या व्हॅनिला केकच्या पिठात घातला. पीठ सुंदर गुलाबी दिसत होते. भाजून बाहेर आला तो केक पिवळट-तपकिरी! रंग कुठे गेला?

उत्तर : आपल्या पाककृतीत खाण्याचा सोडा होता, असे मी पैजेवर सांगू शकते. माझा पहिला केकही असाच निघाला होता आणि तो मी पाहुण्यांना ‘मसाला केक’ म्हणून वाढला.

बीटचा रंग बीटालेन या गटातल्या रंगद्रव्यांमुळे असतो. त्यातले मुख्य द्रव्य बीटानिन. खाद्यरंग म्हणून त्याचा क्रमांक ई-१६२ आहे. हा रंग आम्लात खुलतो, सौम्य आम्लापर्यंत टिकतो आणि अल्कलीत गेला की पिवळट होतो. सोडा अल्कली आहे. त्यात ओव्हनची दीर्घ उष्णता मिळाली की उरलासुरला लाल रंगही तपकिरी होतो. तेव्हा सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरावी आणि पिठात चमचाभर लिंबाचा रस घालावा. रंग काही प्रमाणात वाचतो. लालभडक केक मात्र केवळ बीटवर मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

चॉकलेट केकमध्ये बीट घालतात ते रंगासाठी नाही. तेथे कोकोच्या गडद रंगात ते दडते आणि केकला ओलावा देते. बीटचा मातकट वास आणि कोकोचा कडवटपणा यांचे जमतेही चांगले. बीटचा तो वास गुणात जमा होतो असे हे बहुधा एकच ठिकाण. माझे प्रमाण असे आहे : साध्या पाण्यातले, धुऊन निथळलेले २४० ग्रॅम बीट अगदी गुळगुळीत वाटावे, त्यात तीन अंडी, २०० ग्रॅम साखर आणि १५० मिलिलिटर तेल फेटावे, मग १८० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कोको, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळावे. २० ते २२ सेंटिमीटरच्या भांड्यात १८० अंशांना पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. भाजल्या दिवशी तो बरा लागतो, दुसऱ्या दिवशी फार चांगला. लगद्यात एखादा तुकडा राहिला तर नेमका तो बीट न आवडणाऱ्याच्याच वाट्याला येतो, म्हणून वाटण्यात कसूर करू नये.

हाच लगदा पावाच्या पिठात पाण्याऐवजी वापरता येतो. डबाबंद बीटमध्ये सुमारे नव्वद टक्के पाणीच असते, त्यामुळे ५०० ग्रॅम पिठाला २४० ग्रॅम लगदा आणि वर शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी पुरते. पावाची पाठ नेहमीसारखी तपकिरी होते आणि आतला भाग फिकट गुलाबी ते विटकरी यांमध्ये कोठेतरी थांबतो. नेमका कोठे, ते दर वेळी वेगळे असते.

प्रश्न : बीट घातले की सॅलडमधले सगळेच लाल होते. उपाय?

उत्तर : बीटचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. बीट कोरडे करून आधी एकट्यालाच तेल चोळावे, बाकीच्या भाज्यांना आंबट-खारट मसाला वेगळा लावावा आणि बीट वाढण्याच्या क्षणी वर ठेवावे, ढवळू नये. चीज किंवा उकडलेला बटाटा यांसारखे पांढरे पदार्थ त्याच्यापासून दूर ठेवावेत. एवढे करूनही अर्ध्या तासाने ताट लाल होणारच, तेव्हा लवकर जेवावे.

प्रश्न : डब्यातल्या बीटमध्ये काही पोषण उरते का? शिवाय भरपूर मीठ असते असे म्हणतात. आणि विचारायला संकोच वाटतो, पण बीट खाल्ल्यानंतर लघवी गुलाबी होते, ते धोक्याचे आहे का?

उत्तर : काही उरते, काही जाते. कच्च्या बीटमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १०९ मायक्रोग्रॅम फोलेट असते, डब्यातल्या निथळलेल्या बीटमध्ये ते ३०च्या आसपास येते. उष्णतेने काही नष्ट होते आणि काही डब्यातल्या पाण्यात उतरते. तंतू आणि खनिजे त्यामानाने बरीच टिकतात. सोडियम मात्र वाढते : कच्च्यात १०० ग्रॅममागे सुमारे ७८ मिलिग्रॅम, मिठाच्या पाण्यातल्यात सुमारे १९४. निथळून धुतल्यावर त्यातला काही भाग जातो. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी ‘मीठ न घातलेले’ असे लेबल असलेला डबा घ्यावा. बीटमध्ये ऑक्झलेटही बरेच असतात, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते नेहमीच्या आहारात आणावे.

गुलाबी लघवीचा संकोच नको. साधारण दहा ते चौदा टक्के लोकांना हा अनुभव येतो. बीटचा रंग शरीरात पूर्ण मोडला न जाता बाहेर पडतो, एवढेच. शरीरात लोहाची कमतरता असणाऱ्यांत तो अधिक दिसतो. बीट खाणे थांबवल्यावर एक-दोन दिवसांत रंग गेला नाही, किंवा बीट न खाताच तो दिसला, तर मात्र बीटला दोष देत न बसता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : डब्यातले लाल पाणी मी ओतून देते आणि दर वेळी जीव हळहळतो. त्याचे काही करता येईल का?

उत्तर : हळहळ रास्त आहे, कारण रंगाचा आणि साखरेचा मोठा भाग त्या पाण्यात असतो. अडचण मिठाची आणि पत्र्याच्या वासाची आहे. हे पाणी आटवले तर मीठही घट्ट होते, म्हणून ते आटवून पाक करण्याच्या फंदात मी पडत नाही. फक्त मीठ न घातलेल्या डब्याचे पाणी असेल तर त्यात थोडी साखर आणि व्हिनेगर घालून ते आटवावे आणि भाजलेल्या कापांवर थेंब-थेंब सोडावे. भात किंवा पास्ता यांच्या पाण्यात वेगळे मीठ न घालता अर्धा कप हे पाणी घालणे, हा त्याहून सोपा उपयोग.

पण या पाण्याचा सर्वांत देखणा उपयोग अंड्यांसाठी होतो. सहा अंडी कडक उकडून सोलावीत. एक कप बीटचे पाणी, दीड कप पाच टक्के आम्लतेचे व्हिनेगर, एक चमचा साखर आणि आठ-दहा मिरे एकत्र करून एक उकळी आणावी. स्वच्छ काचेच्या बरणीत अंडी ठेवून ती पूर्ण बुडतील इतके हे गरम पाणी ओतावे, झाकण लावावे आणि थोडे निवले की लगेच बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. रंग लवकर आत जावा म्हणून अंड्यांना टोचे मारू नयेत, कारण त्या छिद्रांतून जिवाणू आत पोचू शकतात, आणि बरणी कधीही बाहेर ओट्यावर राहू देऊ नये. दुसऱ्या दिवशी अंडे कापले तर पांढऱ्या बलकाभोवती गुलाबी रंगाचे एक पातळ कडे दिसते; दोन-तीन दिवसांनी तो रंग आत सरकत पिवळ्या बलकाच्या जवळ पोचलेला असतो. आठवड्याभरात ती संपवावीत. डब्यातले थोडे काप त्याच बरणीत टाकले असतील, तर अंड्यांबरोबर तेही खाण्याजोगे झालेले असतात आणि मातीचा वास शोधूनही सापडत नाही.